अमेरिकी गिर्यारोहण साहित्यातील उपहास

अमेरिकेतल्या गिर्यारोहणाच्या पुस्तकांना थट्टेची खोड फार जुनी आहे. मोहिमांचे वृत्तांत, तंत्र शिकवणारी पुस्तके, कड्यांच्या मार्गदर्शिका, कादंबऱ्या, व्यंगचित्रे आणि पुढे चित्रपट व दूरचित्रवाणी अशा सगळ्या प्रकारांत ती सापडते. डोंगराची टवाळी सहसा कोणी करत नाही. टवाळी होते ती डोंगरावर जाऊन आलेल्या माणसाच्या अंगी येणाऱ्या गांभीर्याची, चढाईतल्या सोवळ्याओवळ्याची, क्लबांच्या शिस्तीची आणि अलीकडे प्रायोजकांची. यातले बरेचसे चांगले लेखन स्वतः दोरावर लटकलेल्या माणसांनी केले आहे. बाहेरच्यांपैकी नेम अचूक लागला तो मुख्यतः दोघांचा, आणि त्या दोघांमध्ये शतकाहून अधिक अंतर आहे.

पहिला मार्क ट्वेन. १८६५ मध्ये एडवर्ड व्हिंपरच्या तुकडीने मॅटरहॉर्न प्रथम सर केला आणि उतरताना सातांपैकी चौघे दगावले. त्यावरचे व्हिंपरचे पुस्तक १८७१ मध्ये निघाले आणि आल्प्सच्या चढायांची वर्णने घरोघर वाचली जाऊ लागली. ट्वेन १८७८ मध्ये मॅटरहॉर्नच्या पायथ्याच्या झरमाट या स्विस गावी गेला तो हे सगळे वाचून. ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ (१८८०) या प्रवासवर्णनात त्याने रिफेलबर्गवरची आपली ‘मोहीम’ रंगवली आहे. रिफेलबर्ग हे झरमाटच्या वरचे हॉटेल. पर्यटक तिथे खेचरावर बसून जात, आणि बेडेकर या जर्मन प्रकाशकाच्या मार्गदर्शिकेत ही वाट तीन तासांची दिली होती. ट्वेनच्या काफिल्याला सात दिवस लागतात.

काफिल्याची यादी व्हिंपरच्याच थाटात, रकाने पाडून दिली आहे: १५४ माणसे आणि ५१ जनावरे. माणसांत १७ वाटाडे, ४ शल्यचिकित्सक, ३ धर्मोपदेशक आणि १५ मद्य वाढणारे. सामानात २२ पिंपे व्हिस्की, १५४ छत्र्या, दोन मैल दोर, नायट्रोग्लिसरिनचे सात डबे आणि कुबड्यांच्या १४३ जोड्या. उंची मोजायला उपकरण उकळावे लागते एवढे ट्वेनने कुठेतरी वाचलेले असते; कोणते उपकरण, ते त्याला आठवत नाही. तो आधी तापमापक आणि वायुभारमापक दोन्ही उकळतो, मग दुसरा वायुभारमापक घेवड्याच्या सुपात टाकतो. उंची काही कळत नाही, पण सूप इतके फक्कड होते की आचाऱ्याला ते रोज करण्याचा हुकूम सुटतो. परतीचा प्रवास गोर्नर हिमनदीवर बसून करायचा त्याचा बेत असतो. हिमनदीचा मधला भाग जास्त वेगाने सरकतो म्हणून माणसे मध्ये आणि सामान कडेला, मालगाडीच्या हिशेबाने. पुष्कळ वाट पाहून झाल्यावर तो गणित मांडतो आणि झरमाटला पोचायला पाचशेहून अधिक वर्षे लागतील असे उत्तर निघते. आकडे, अंतरे, वेळा आणि शास्त्रीय निरीक्षणे हा सगळा सांगाडा ट्वेनने तसाच ठेवला आणि आत मूर्खपणा भरला. पुढे फ्रान्समधल्या शामनीला तो दुर्बिणवाल्याला पैसे देऊन, नुसते दुर्बिणीतून पाहत माँ ब्लाँ शिखरही ‘चढतो’.

ट्वेननंतर तीसेक वर्षांत प्रत्यक्ष इतिहासानेच विडंबनावर कडी केली. अलास्कातले मॅककिन्ली (डेनाली) शिखर १९०६ मध्ये सर केल्याचा दावा फ्रेडरिक कुक याने केला आणि १९०८ मध्ये पुस्तकही काढले. १९१० मध्ये पार्कर आणि ब्राऊन या गिर्यारोहकांनी त्याच्या ‘शिखराच्या’ छायाचित्राची जागा शोधून काढली, तर ते मुख्य शिखरापासून कित्येक मैल दूर असलेले एक टेकाड निघाले. त्याच वर्षी दारूच्या गुत्त्यातल्या पैजेवरून निघालेल्या काही खाणकामगारांपैकी दोघे स्प्रूस झाडाचा १४ फुटी सोट घेऊन उत्तर शिखरावर पोचले. खाली येऊन त्यांच्या म्होरक्याने अशा थापा मारल्या की खऱ्या पराक्रमावरही लोकांचा विश्वास बसेना. सोट खरोखरच तिथे असल्याचे १९१३ च्या तुकडीला दिसले.

जॅक केरुॲकच्या ‘द धर्मा बम्स’ (१९५८) मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॅटरहॉर्न पीकच्या चढाईचे प्रकरण आहे. निवेदक शिखराच्या जरा खाली भीतीने कपारीला चिकटून बसतो, आणि सोबती वरून उड्या मारत धावत येताना पाहून त्याला डोंगरावरून पडताच येत नाही असा साक्षात्कार होतो. हे हसे स्वतःचे आहे. बोचरेपणा त्यात नाही.

बोचरेपणा आला तो न्यूयॉर्कच्या उत्तरेकडच्या शावनगंक कड्यांवर. तिथे १९५० च्या दशकात अॅपलेशियन माउंटन क्लबचे राज्य होते. कोणी आघाडीला चढायचे आणि कोणी मागून यायचे, हे क्लब ठरवी. या नियमांना कंटाळलेल्या तरुणांनी ‘व्हल्गेरियन’ हे नाव मिरवत उच्छाद मांडला. ट्रान्झिस्टरच्या शोधासाठी नोबेल मिळवणाऱ्या विल्यम शॉक्लीच्या नावाने ओळखला जाणारा ‘शॉक्लीज सीलिंग’ हा मार्ग त्यांच्यातल्या डिक विल्यम्सने अंगावर कपडा न ठेवता चढला. याच विल्यम्सने नंतर त्या कड्यांच्या मार्गदर्शिका लिहिल्या! टोळीतल्या जो केल्सी याने ‘व्हल्गेरियन डायजेस्ट’ हे टवाळखोर नियतकालिक काढले. अंक मोजकेच निघाले, पण क्लबांच्या वार्षिकांतली सोज्वळ भाषा त्यानंतर अनेकांना सरळ चेहऱ्याने वाचवेना.

या वर्तुळाचा चित्रकार शेरिडन अँडरसन (१९३६–८४). त्याची व्यंगचित्रे ‘समिट’ मासिकात येत. प्रसिद्ध आरोहकांची तो रेवडी उडवी आणि त्यातल्या कित्येकांशी त्याची दोस्तीही असे. रॉयल रॉबिन्सची ‘बेसिक रॉकक्राफ्ट’ (१९७१) आणि ‘अॅडव्हान्स्ड रॉकक्राफ्ट’ (१९७३) ही तंत्रपुस्तके अमेरिकेतल्या आरोहकांच्या एका पिढीने अभ्यासली. रॉबिन्स म्हणजे नियमांचा पक्का, कातळाला इजा नको म्हणणारा. पण दोन्ही पुस्तकांची चित्रे अँडरसनची. मजकूर गाठी आणि बिले (चढणाऱ्या साथीदाराला दोराने सांभाळणे) यांची शिस्त शिकवतो, आणि शेजारच्या चित्रातला माणूस वेंधळेपणाने लोंबकळत असतो. त्यामुळे ती पुस्तके शिकवणीची असूनही वाचाविशी वाटतात. अँडरसनला खरा पैसा मिळवून दिला तो मासेमारी शिकवणाऱ्या चित्रपुस्तकाने. गिर्यारोहणावरच्या त्याच्या व्यंगचित्रांचा संग्रह केल्सीने १९८९ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर काढला.

रॉबिन्सच्या नेमका उलट वॉरन हार्डिंग. पोटापाण्यासाठी रस्त्यांची मोजणी करणारा हा माणूस स्वस्त दारू आणि वेगवान गाड्यांचा शौकीन होता. योसेमिटी खोऱ्यातल्या एल कॅपिटन कड्याचा ‘नोज’ मार्ग त्याने सोबत्यांसह १९५७–५८ मध्ये टप्प्याटप्प्याने, एकूण ४५ दिवस चढून पूर्ण केला. रुंद भेगांसाठी मोठे पिटॉन (भेगेत ठोकायचे लोखंडी खिळे) मिळत नव्हते, तेव्हा भंगारातल्या शेगड्यांचे पाय ठोकून काम भागवले; त्या भेगांना आजही ‘स्टोव्हलेग’ म्हणतात. खाली बघ्यांच्या गाड्यांनी रस्ता तुंबू लागल्यावर उद्यानाच्या अधिकाऱ्यांनी पर्यटनाच्या हंगामात चढाईच बंद करायला लावली. १९७० मध्ये डीन कॉल्डवेलबरोबर त्याच कड्याच्या दुसऱ्या भागावर तो सलग २७ दिवस राहिला. सुटकेसाठी माणसे पाठवण्याची तयारी झाली तेव्हा मदत नको असल्याची चिठ्ठी डब्यात घालून वरून टाकण्यात आली. वर पोचल्यावर वार्ताहरांचा घोळका हजर होता. पण त्या मार्गावर बोल्ट आणि तत्सम खिळ्यांसाठी ३०० हून अधिक भोके पाडली गेली होती. संतापलेला रॉबिन्स १९७१ मध्ये डॉन लॉरियासह त्याच वाटेने बोल्ट तोडत चढू लागला, आणि पहिले काही टप्पे झाल्यावर चढाईचा कस पाहून त्याने छिन्नी आवरली.

हार्डिंगचे ‘डाउनवर्ड बाउंड’ (१९७५) हे या भांडणाचे अपत्य. वरकरणी ते कातळारोहण शिकवणारे पुस्तक आहे. मध्येच आठवणी, मध्येच खोटी शिकवणी, मध्येच स्वतःच्या खेकसणाऱ्या स्वभावाचे वर्णन असा त्याचा ऐवज. शुद्धतावाद्यांना तो ‘व्हॅली ख्रिश्चन’ म्हणतो, आणि स्वतः बनवलेल्या साधनांच्या मालिकेला त्याने दिलेल्या ‘बॅट’ या नावाची फोड ‘मुळातच हास्यास्पद तंत्रज्ञान’ अशी होते. पुस्तकाचे संपादन ढिले आहे आणि काही विनोद आज शिळे वाटतात. तरीही चढाईतला नीतिवाद म्हणजे काही जणांची आवडनिवड, हा त्याचा मुद्दा अजून खोडला गेलेला नाही. रॉबिन्सने छिन्नी आवरली, यावरून तो मुद्दा त्यालाही थोडा पटला असावा.

कादंबरीत हा सूर कमी वेळा साधला. ट्रेव्हेनियन या टोपणनावाने रॉडनी व्हिटेकरने लिहिलेली ‘द आयगर सँक्शन’ (१९७२) मुळात हेरकथांचे विडंबन आहे. तिचा नायक कलेचा प्राध्यापक, गिर्यारोहक आणि भाडोत्री मारेकरी असे तिन्ही आहे. पण बहुसंख्य वाचकांनी ती सरळ थरारकथा म्हणूनच वाचली. क्लिंट ईस्टवुडने १९७५ मध्ये तिचा चित्रपट केला. स्वित्झर्लंडमधल्या आयगर शिखरावर चित्रीकरण चालू असताना दरड कोसळून डेव्हिड नोल्स हा ब्रिटिश गिर्यारोहक मरण पावला.

हॉलिवूडने स्वतःहून विनोद केला नाही, पण आरोहकांना हसायला सामग्री भरपूर दिली. ‘क्लिफहँगर’ (१९९३) मधला नायक बंदुकीने कातळात बोल्ट मारतो, आणि कोलोरॅडोचे म्हणून दाखवलेले डोंगर बरेचसे इटलीतल्या डोलोमाइट्सचे आहेत. ‘व्हर्टिकल लिमिट’ (२०००) मध्ये तर सुटकेसाठी पाठीवर नायट्रोग्लिसरिन घेऊन माणसे के-टूवर निघतात. ट्वेनच्या सामानाच्या यादीतला विनोद इथे पटकथेचा आधार झाला आहे, आणि पात्रांपैकी कोणी हसत नाही.

बाहेरून अचूक वार करणारा दुसरा म्हणजे ‘द सिम्प्सन्स’ या व्यंगचित्र मालिकेचा १९९८ मधला एक भाग. एव्हरेस्टवर १९९६ च्या मे महिन्यातील वादळात आठ जण मरण पावले होते, त्यावरचे जॉन क्रॅकावरचे पुस्तक १९९७ मध्ये गाजत होते आणि पैसे मोजून शिखर गाठण्याची चर्चा ऐन भरात होती. मालिकेतला ढेरपोट्या होमर ऊर्जावड्या विकणाऱ्या एका कंपनीच्या जाहिरातीसाठी ‘मर्डरहॉर्न’ चढायला निघतो. रात्री तो झोपला की सोबतचे दोन शेर्पा त्याला गुपचूप उचलून वर नेतात, आणि सकाळी तो आपल्या प्रगतीवर खूश होतो. कळल्यावर तो त्यांना काढून टाकतो. ऊर्जावड्या सफरचंदाचे गाभे आणि चिनी वर्तमानपत्रे यांपासून केलेल्या असतात. बाप जिथून अर्ध्यावर परतला होता त्या जुन्या मोहिमेचे किस्सेही खोटे ठरतात: गोठलेल्या साथीदाराच्या प्रेताजवळ खरी हकीकत सापडते. शेवटी दमलेला होमर शिखराच्या खालीच झेंडा रोवतो, त्या दणक्याने वरचे टोक कोसळते आणि त्याचा झेंडा आपोआप सर्वांत उंच जागी येतो.