विपुल जीवन कोणासाठी? ख्रिस्ती शिष्यत्वाच्या एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

योहानाच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात प्रभू येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणवतो आणि आपल्या मेंढरांना जीवन मिळावे, तेही विपुलपणे मिळावे, म्हणून आपण आलो आहोत असे सांगतो. हे जीवन विश्वासूपणे कसे जगायचे, हे मंडळीला प्रत्येक युगात नव्याने ठरवावे लागले. त्यातला सर्वांत अवघड प्रश्न असा होता की, असे जीवन प्रत्येक विश्वासणाऱ्यासाठी आहे, की सर्वसंगपरित्याग करू शकणाऱ्या मोजक्या लोकांसाठीच?

आरंभीच्या मंडळीला हा प्रश्न पडला नव्हता. इ. स. 112 च्या सुमारास आजच्या तुर्कस्तानातील बिथिनिया-पाँटस प्रांताचा रोमी अधिकारी प्लिनी याने सम्राट ट्रेजनला लिहिलेल्या पत्रात ख्रिस्ती लोकांच्या रीतीचे वर्णन आहे. ठरलेल्या दिवशी ते पहाटेपूर्वी जमत, ख्रिस्ताला देव मानून त्याचे स्तवन गात आणि चोरी, लूटमार व व्यभिचार करणार नाही, दिलेला शब्द मोडणार नाही, कोणी विश्वासाने सोपवलेली ठेव परत मागितली तर नाकारणार नाही, अशी शपथ घेत. प्लिनी त्यांचा हितचिंतक नव्हता. ख्रिस्ती म्हणवून घेण्यावर अडून राहणाऱ्यांना त्याने देहदंड दिला होता. म्हणूनच त्याची साक्ष मला फार मोलाची वाटते. त्या शपथेत एकही गोष्ट अशी नाही, जी एखादा व्यापारी, मजूर किंवा गृहिणी पाळू शकणार नाही.

पुढे चित्र बदलले. तिसऱ्या शतकाच्या उत्तरार्धात मिसर देशातील अँथनी नावाच्या तरुणाने उपासनेत, सर्व काही विकून गरिबांना दे, हे श्रीमंत तरुणाला उद्देशून येशूने काढलेले शब्द ऐकले, आपली मालमत्ता देऊन टाकली आणि कालांतराने तो अरण्यात एकांतवासाला गेला. इ. स. 313 नंतर छळ थांबला, मंडळीत येणे सोपे आणि कधी कधी फायद्याचेही झाले, तेव्हा अनेक तळमळीच्या लोकांना अँथनीचीच वाट खरी वाटू लागली. त्यातून मठजीवन बहरले आणि प्रार्थनेची, शास्त्राभ्यासाची मोठी संपदा मंडळीला लाभली. सहाव्या शतकात इटलीतील बेनेडिक्टने लिहिलेल्या नियमावलीत तर कोठाराची व्यवस्था पाहणाऱ्या बंधूने मठातील सर्व भांडी आणि वस्तू वेदीवरील पवित्र पात्रांप्रमाणे मानाव्यात, अशी सूचना आहे. सामान्य कामाकडे इतक्या आदराने पाहणारी ही दृष्टी मठाच्या भिंतीबाहेर मात्र फारशी पोहोचली नाही. परिपूर्ण जीवन संन्याशांचे आणि संसारी माणसांसाठी कनिष्ठ पायरी, ही समजूत पुढची अनेक शतके टिकून राहिली.

या समजुतीला सर्वांत मोठा धक्का जर्मन धर्मसुधारक मार्टिन लूथरने दिला. बाप्तिस्मा झालेला प्रत्येक जण देवापुढे याजक आहे, असे त्याने 1520 मध्ये मांडले. दोनच वर्षांनी विवाहाविषयी लिहिताना त्याने बाळाचे लंगोट धुणाऱ्या बापाचे उदाहरण दिले : लोक त्याला हसले तरी, तो हे काम विश्वासाने करत असेल, तर देव सर्व देवदूतांसह त्याच्यावर प्रसन्न असतो.

शिकवण मिळाली, पण शिकवण रोजच्या जगण्यात उतरवायची तर सोबत लागते. ही सोबत कशी उभी राहू शकते, हे इंग्लंडमधील ब्रिस्टल शहरात दिसले. तेथील सभागृहाच्या बांधकामाचे कर्ज फेडायचे होते, म्हणून फेब्रुवारी 1742 मध्ये मेथडिस्ट चळवळीचा प्रणेता जॉन वेस्ली याच्या अनुयायांची बैठक भरली. प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी, असे एकाने सुचवले. गरिबांना तेवढेही जमणार नाही, असे दुसरा म्हणाला. त्यावर पहिल्याने सांगितले की, सर्वांत गरीब असे अकरा जण माझ्याकडे द्या, मी दर आठवड्याला त्यांच्याकडे जाईन आणि त्यांना जमले नाही तर त्यांचा वाटा मी भरेन. इतरांनीही अशीच जबाबदारी घेतली. वर्गणीसाठी घरोघरी जाणाऱ्यांना मग कोण दारूच्या आहारी गेले आहे, कोणाच्या घरात भांडणे चालली आहेत, हे दिसू लागले. आपल्याला इतके दिवस हवे होते ते हेच, हे वेस्लीने ओळखले. पुढे घरोघरी फिरण्याऐवजी हे गट आठवड्यातून एकदा एकत्र भेटू लागले. तेथे प्रत्येकाच्या आत्मिक स्थितीची विचारपूस होई, गरज पडेल तसा बोध किंवा धीर दिला जाई आणि प्रार्थना होई. कर्जफेडीच्या हिशेबातून परस्परांच्या आत्म्यांची काळजी वाहणारी व्यवस्था जन्माला आली, याचे मला मनापासून अप्रूप वाटते.

विसाव्या शतकात जर्मन पाळक डीट्रिख बोनहोफरने हाच धागा नाझी राजवटीच्या अधिक कठीण काळात पुढे नेला. 1935 पासून तो तेव्हाच्या जर्मनीतील फिंकेनवाल्ड येथे पाळकपदाच्या उमेदवारांना शिकवत असे. एकत्र प्रार्थना, शास्त्रवचनाचे मनन आणि एकमेकांपाशी पापकबुली ही तेथील जीवनाची अंगे होती. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझींच्या गुप्त पोलिसांनी, ती संस्था बंद केली आणि 9 एप्रिल 1945 रोजी बोनहोफरला फाशी देण्यात आले.

कॅथलिक मंडळीने या प्रश्नाचे स्पष्ट उत्तर दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेत, दिले. 21 नोव्हेंबर 1964 रोजी जाहीर झालेल्या मंडळीविषयक दस्तऐवजाच्या पाचव्या प्रकरणात, पावित्र्याचे पाचारण सर्वांनाच आहे असे म्हटले असून, बिशप आणि याजकांच्या बरोबरीने पती-पत्नी, विधवा, अविवाहित, कष्टकरी आणि आजारी माणसे यांचाही त्यात स्वतंत्र उल्लेख आहे.