अनमॅनेज्ड मेमरी बफर पुसणे

सी-शार्प, जावा अशा मॅनेज्ड भाषांत मेमरीची आवराआवर गार्बेज कलेक्टर (न लागणारी मेमरी आपोआप मोकळी करणारी यंत्रणा) करतो. त्याच्या कक्षेबाहेर मागून घेतलेली, माहिती तात्पुरती ठेवायची जागा म्हणजे अनमॅनेज्ड बफर. तो शून्याने पुसणे आणि परत करणे ही दोन वेगळी कामे असून दोन्ही प्रोग्रामरच्याच गळ्यात पडतात. सी-शार्पच्या डॉटनेट प्लॅटफॉर्मवर मार्शल.फ्रीएचग्लोबल जागा सोडते, पण आतला मजकूर पुसेलच असे नाही. मार्शल.अलॉकएचग्लोबलने दिलेली जागाही कोरी नसते. कोरी हवी असल्यास डॉटनेट ६ (२०२१) पासून नेटिव्हमेमरी.अलॉकझिरोड आहे.

न पुसलेला बफर काय करतो ते सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर पाहू. काट्याचा आकडा सी भाषेतली डीएलएल (दुसऱ्या प्रोग्रामला वापरता येणारी कोडची फाइल) बफरमध्ये लिहिते आणि सी-शार्पचा प्रोग्राम तो वाचतो. समजा, डीएलएल नुसते अंक लिहिते, मजकूर संपल्याची खूण असलेला शेवटचा शून्य बाइट लिहीत नाही. भरलेल्या गाडीचा काटा झाला २७४८०. गव्हाणीत ऊस उतरवून रिकामी गाडी परत आली, वजन ९६५०. चार अंक बदलले, पाचव्या जागी जुना ० तसाच राहिला. पावतीवर ९६५००! असा घोळ शेतकऱ्याच्या लगेच लक्षात येतो; जुना उरलेला अंक शून्य नसता तरी आकडा पाच अंकीच छापला गेला असता. प्रत्येक वेळी डीएलएलने आकडा लिहिण्याआधी बफर पुसला की हा प्रश्न उरत नाही.

पुसताना लांबी बाइटमध्येच द्यावी लागते. सी-शार्पमध्ये एक कॅरेक्टर २ बाइटचे, म्हणजे ३२ कॅरेक्टरना ६४ बाइट. कमी दिले तर शेपूट उरते. जास्त दिले तर शेजारची मेमरी खराब होते आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी, कधी बऱ्याच वेळाने कोसळतो. हे जास्त वाईट. पॉइंटरवर (बफरच्या पत्त्यावर) स्पॅन, म्हणजे पत्ता आणि लांबी यांची जोडी, बांधून क्लिअर करणे सोयीचे, पण बांधताना दिलेली लांबी स्पॅन निमूटपणे खरी मानतो.

पासवर्ड किंवा किल्ली असेल तर फायनली ब्लॉकमध्ये (चूक झाली तरी चालणाऱ्या कोडमध्ये) आधी पुसावे, मग सोडावे. पुढे कोणी वाचणारच नाही म्हणून कंपायलर असे पुसणे अनावश्यक ठरवून गाळू शकतो. ते टाळण्यासाठी डॉटनेट कोअर २.१ पासून क्रिप्टोग्राफिकऑपरेशन्स.झिरोमेमरी आहे. जावा २२ (२०२४) मध्ये पक्क्या झालेल्या फॉरेन मेमरी एपीआयत (अनमॅनेज्ड मेमरी वापरण्याच्या सोयीत) सेगमेंट, म्हणजे मेमरीचा तुकडा, कोराच मिळतो, आणि त्याचे आयुष्य ठरवणारा अरेना बंद केल्यावर त्याला हात लावला तर एक्सेप्शन येते.

बफरमधला पासवर्ड मध्येच स्ट्रिंगमध्ये (भाषेच्या मजकुराच्या प्रकारात) उतरवला असेल, तर बफर पुसूनही ती प्रत मॅनेज्ड हीपवर, म्हणजे गार्बेज कलेक्टरच्या ताब्यातल्या मेमरीत, राहते. स्ट्रिंग बदलता येत नसल्याने ती पुसण्याचा सरळ मार्ग नाही.