फारखत ते सेटलमेंट लेटर

गेल्या वर्षी लोकअदालतीच्या शनिवारी मेव्हण्याबरोबर दिवाळीपुऱ्यातल्या कोर्टात गेलो होतो. क्रेडिट कार्डाचे मूळ १,४०,००० रुपये, बँकेची मागणी ३,१२,००० ची. टेबलापलीकडचा बँकेचा मुलगा तोंडाने आकडा बोलायचाच नाही. कॅल्क्युलेटरवर टाकायचा आणि फिरवून आमच्यापुढे धरायचा. मेव्हणा मान हलवी, मुलगा पुसे, पुन्हा टाकी. तासाभराने १,६०,००० वर आला आणि म्हणाला, "चला, पतवून टाका आता." बडोद्याच्या मराठीत गुजराती 'पतावट', म्हणजे मिटवामिटव, अशी केव्हाच मिसळून गेली आहे. घरी आल्यावर दांडिया बाजारातल्या आत्यांनी एकच विचारले, "फारखत लिहून घेतली का?"

फारखत म्हणजे देणे फिटल्याचा, सावकाराचा हक्क सुटल्याचा कागद. त्याचीच पुढे 'फारकत' झाली आणि ती नवरा-बायकोच्या वाट्याला गेली. पण आत्यांनी विचारलेला मूळ अर्थ बडोद्यातल्या जुन्या घरांमधून अजून पुरता पुसलेला नाही.

देणे कमी करून मिटवायचे तर दोन गोष्टी लागतात : व्याज कुठे थांबते याचा काही नियम, आणि मध्ये उभा राहणारा माणूस. या दोन्हींचे काय काय होत गेले, त्यातून आजच्या 'सेटलमेंट'ची घडण कळते.

नियम फार जुना. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात म्हटले आहे की एकदम घेतलेले व्याज मुद्दलासकट दुपटीच्या पुढे जात नाही. यालाच आपण दामदुपट म्हणतो. मुंबई इलाख्यातल्या इंग्रजी कोर्टांनीही हिंदू ऋणकोंच्या बाबतीत हा नियम मानला. त्यात मेख अशी की मोजमाप एका वेळच्या थकबाकीचे. अधूनमधून व्याज भरत राहिलात, तर सगळे मिळून दुपटीच्या कितीही वर गेले तरी नियम मोडत नाही. शिवाय थकलेले व्याज मुद्दलात घालून नवे खत, म्हणजे कर्जरोखा, लिहून घेतले की दुपटीची मोजणी पुन्हा पहिल्यापासून.

मध्ये उभे राहणाऱ्याची गोष्ट तर खास गुजरातची. इथे भाट आणि चारण जामीन राहत. देणेकऱ्याने शब्द मोडला तर भाट स्वतःच्या अंगावर शस्त्र चालवी, आणि त्याच्या रक्ताचे पाप देणेकऱ्याच्या माथी येई. हाच त्रागा. आज कोणी आदळआपट केली की आपण 'उगाच त्रागा करू नको' म्हणतो, तेव्हा तो शब्द एकेकाळी वसुलीचे हत्यार होता हे कोणाच्या ध्यानीमनीही नसते. दिवाळे काढण्याचीही रीत सांगतात : भरदिवसा दुकानात दिवा लावायचा आणि गादी उलटी करायची, म्हणजे सावकारांनी काय ते समजावे. हल्लीच्या कुठल्याही नोटिशीपेक्षा हे जास्त स्पष्ट होते.

बडोद्याच्या दरबाराने तर कर्जापायी मध्यस्थाचा पुरता अनुभव घेतला. गायकवाडांच्या देण्यांना अरब शिबंदीचे, म्हणजे भाडोत्री फौजेचे, जमादार हमी देत. या हमीला बहांधरी म्हणत, म्हणजे बाह्या धरणे, हात धरणे. १८०२ मध्ये कंपनीच्या मेजर वॉकरने अरबांचा पगार चुकता करून त्यांना काढले, तेव्हा त्यांच्या बहांधऱ्या कंपनी सरकारने आपल्याकडे घेतल्या. पगारासाठी लागलेला पैसा हरिभक्तीसारख्या पेढ्यांनी दिला, तोही कंपनीच्या हमीवर. सावकार निर्धास्त झाले, पण महाराजांच्या डोक्यावर रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा वकील, बसला. दुसरे सयाजीराव देणे वेळेवर फेडीनात, म्हणून १८२८ मध्ये कंपनीने काही परगणेच जप्त केले. शेवटी १८३२ मध्ये मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड क्लेअर बडोद्याला आला, त्या सुमारास सावकारांनी कंपनीची हमी सोडली आणि महाराजांशी आपसांत मिटवले. सावकाराने हमीदार सोडून देणेकऱ्याचा शब्द धरावा, हे रोज घडणारे नव्हे. ही तडजोड कोणाला जास्त फायद्याची पडली यावर वाद घालता येईल. मला त्यात एवढेच दिसते की मधला माणूस फार महाग पडू लागला की दोन्ही बाजूंना एकमेकांची तोंडे पाहावीशी वाटतात.

तिकडे इंग्रजी मुलखात १८५९ च्या मुदतीच्या कायद्याने साध्या खतावर दावा लावायला तीन वर्षांची मुदत घातली. हेतू होता ऋणकोच्या सोयीचा. झाले उलटे. दर तीन वर्षांनी सावकार नवे खत लिहून घेऊ लागला, आणि प्रत्येक वेळी व्याज मुद्दलात. कोर्टात कागदच खरा. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्याच्या बाजारात दंगा झाला. लोक माणसांपेक्षा खतांच्या मागे होते. खते मिळतील तिथे जाळली.

त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी कायदा आला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. माझ्या मते या सगळ्या इतिहासात याहून मोठे पाऊल नाही. कोर्टाला खताच्या पाठीमागे जाण्याची मुभा मिळाली : पहिल्यांदा हातात किती पैसे पडले, नंतर किती परत गेले, मुद्दलात घुसवलेले व्याज किती, हे सगळे उकलून मुद्दल आणि व्याजाची खाती वेगळी मांडायची. दाव्याआधी तडजोड घडवायला कन्सिलिएटर नेमले गेले. न्यायमूर्ती रानड्यांनी या कायद्याखाली अनेक वर्षे न्यायाधीश म्हणून काम केले. बडोदे संस्थान अर्थात या कायद्याबाहेर होते.

पुढे १९२० चा प्रांतिक नादारी, म्हणजे दिवाळखोरी, कायदा आला. ऋणकोने तडजोडीचा प्रस्ताव मांडायचा. डोकी मोजून बहुसंख्य आणि रकमेने तीन चतुर्थांश धनको राजी झाले, तर कोर्ट मंजुरी देऊ शकते. ऋणकोच्या वागण्यात खोट सापडली तर मात्र रुपयामागे निदान सहा आणे मिळण्याची खात्री हवी. १९५७ मध्ये दशमान पैसे आले आणि आणे मागे पडले. कायद्याच्या पुस्तकात ते नांदत राहिले. २०१६ च्या दिवाळखोरी संहितेत साध्या माणसासाठी नवी व्यवस्था लिहिलेली आहे, पण ती कंपन्यांच्या वैयक्तिक जामीनदारांपुरतीच १ डिसेंबर २०१९ पासून चालू झाली. तिच्यात अगदी गरिबासाठी 'नवी सुरुवात' आहे, ३५,००० रुपयांपर्यंतच्या देण्याची. ती अजून कागदावरच.

मग मेव्हण्याला कॅल्क्युलेटरपुढे का बसावे लागले? याचे उत्तर १९८४ मध्ये आहे. त्या वर्षी बँकिंग नियमन कायद्यात २१-क हे कलम घातले गेले. बँकेचे व्याज जास्त आहे एवढ्या कारणावरून कोर्टाला व्यवहार पुन्हा उघडता येत नाही, असे ते सांगते. सावकाराच्या खताच्या पाठीमागे जाण्याचे जे दार १८७९ ने उघडले, ते बँकेपुरते तिथे लागले. २००८ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने कार्डावर ३० टक्क्यांहून जास्त व्याज घेणे अनुचित ठरवले होते. २० डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. म्हणजे दामदुपटीत जो नियम होता, तो कार्डाच्या बाबतीत बँकेच्या मर्जीवर आला. मर्जीशी घासाघीस करता येते, हक्क सांगता येत नाही. मेव्हण्याच्या मागणीत मुद्दलाची दुप्पट केव्हाच ओलांडलेली होती, आणि त्या टेबलावर कोणालाही त्याचे काही वाटले नाही.

बँकांनाही मिटवण्याची गरज होतीच. थकलेल्या कर्जांसाठी १९९३ च्या कायद्याने वसुली न्यायाधिकरणे आली. रिझर्व्ह बँकेने २००० मध्ये आणि पुन्हा २००३ मध्ये एकरकमी तडजोडीची सूत्रे घालून दिली. वैयक्तिक कर्जे आणि कार्डे घरोघरी पोचली ती याच काळात. ८ जून २०२३ च्या रिझर्व्ह बँकेच्या चौकटीप्रमाणे तडजोडीची रक्कम फेडायला तीन महिन्यांहून जास्त वेळ दिला तर ती कर्जाची पुनर्रचना मानली जाते. मुलगा "तीन हप्ते, त्याच्यावर नाही" म्हणून अडून का बसला, ते मला हे वाचल्यावर उमगले. त्याच चौकटीत तडजोड केलेल्याला तीच बँक निदान बारा महिने नवे कर्ज देऊ शकत नाही. शेतीकर्जाचा हिशेब वेगळा.

मधल्या माणसाची जागा आता लोकअदालतीने घेतली आहे, आणि तिचे माहेरही गुजरातच. छोटाउदेपूरकडे रंगपूरला हरिवल्लभ परीख १९४९ पासून आदिवासींचे तंटे उघड्यावर बसून मिटवत. तेव्हा तो भाग वडोदरा जिल्ह्यात होता. १४ मार्च १९८२ रोजी तेव्हाच्या जुनागढ जिल्ह्यातल्या ऊना गावी पहिली लोकअदालत भरली. १९८७ च्या कायद्याने तिच्या निवाड्याला दिवाणी हुकुमनाम्याचे बळ दिले. त्यावर अपील नाही, म्हणून सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचावा.

हल्ली तिसरेही मध्यस्थ निघाले आहेत. हप्ते थांबवा, आमच्याकडे पैसे जमा करा, आम्ही अर्ध्यात मिटवतो, असे फोनवर सांगणारे. अमेरिकेत हा धंदा इतका फोफावला की फोनवरून गिऱ्हाईक पकडणाऱ्यांना काम होण्याआधी फी घ्यायला तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१० मध्ये बंदी केली. भाट निदान स्वतःचे रक्त सांडत होता.

मेव्हण्याचा तिसरा हप्ता गेला. एकोणीस दिवसांनी पत्र आले आणि आत्यांनी ते चष्मा लावून वाचले. 'पूर्ण व अंतिम तडजोडीपोटी' रक्कम मिळाली, असे त्यात होते. कर्जदारांची पत नोंदवणाऱ्या सिबिलच्या नोंदीत मात्र खात्यापुढे 'क्लोज्ड' नाही, 'सेटल्ड' आले : पूर्ण फेडले नाही, कमी घेऊन सोडले, असा त्याचा अर्थ, आणि पुढचा प्रत्येक बँकवाला तो बरोबर वाचतो. राहिलेली रक्कम भरली तर ती नोंद बदलून घेता येते, असे मुलाने जाता जाता सांगितले होते.

आत्यांना ते समजावले. त्या म्हणाल्या, "म्हणजे खत फाडलं, पण तुकडे त्यांच्याकडेच." मग पत्राची घडी घालून त्यांनी ते डब्यात ठेवले, घराच्या दस्तांखाली.