शॉर्ट समजून सोडून दिलेला करंट

सुपरकंडक्टिंग टनेल जंक्शन म्हणजे दोन सुपरकंडक्टर (खूप थंड केल्यावर रेझिस्टन्स शून्य होणारे धातू) आणि मधे ऑक्साइडचा जेमतेम एक-दोन नॅनोमीटरचा पापुद्रा. ऑक्साइड इन्सुलेटर, तरीही क्वांटम टनेलिंगमुळे, म्हणजे अडथळ्यातूनही आरपार जाण्याच्या क्वांटम गुणामुळे, इलेक्ट्रॉन पलीकडे जातात. १९६० मधे जनरल इलेक्ट्रिकच्या लॅबमधे आयव्हर येव्हर यांनी ॲल्युमिनियम आणि शिशाच्या थरांमधला हा करंट मोजला, तेव्हा व्होल्टेज एका हद्दीच्या वर गेल्यावरच तो झपकन वाढतो असं दिसलं, म्हणजे सुपरकंडक्टिव्हिटी का होते ते सांगणाऱ्या १९५७ च्या बीसीएस (बार्डीन, कूपर, श्रीफर) थिअरीतली एनर्जी गॅप (इलेक्ट्रॉनना जिथे जागाच नसते तो एनर्जीचा पट्टा) सरळ मीटरवर वाचता आली!! पण काही सॅम्पलमधे व्होल्टेज शून्य असतानाही करंट यायचा आणि तो मात्र पापुद्र्याला भोक पडून शॉर्ट झालाय असं धरून सोडून दिला गेला. मला तरी या अख्ख्या इतिहासात हीच जागा सगळ्यात महत्त्वाची वाटते.

कारण १९६२ मधे केंब्रिजच्या ब्रायन जोसेफसननी, वय अवघं २२, गणितानं दाखवलं की इलेक्ट्रॉनच्या जोड्या, म्हणजे कूपर पेअर, व्होल्टेज नसतानाही पलीकडे जातात, आणि हा करंट दोन्ही बाजूंच्या फेजमधल्या (क्वांटम लहरीच्या टप्प्यातल्या) फरकावर ठरतो. बीसीएस मधले ‘बी’ म्हणजे खुद्द जॉन बार्डीन यांनाच हे पटलं नाही. निकाल लागला १९६३ मधे. बेल लॅबमधे अँडरसन आणि रोवेल यांनी अगदी कमी मॅग्नेटिक फील्ड लावलं तर तो करंट गळाला, शॉर्ट असता तर एवढ्याशा फील्डनं त्याला काही झालं नसतं. १९७३ ला जोसेफसन आणि येव्हर दोघांनाही (टनेलिंगवरच काम केलेल्या लिओ एसाकींबरोबर) नोबेल मिळालं.

जंक्शन खूप छोटं केलं की मात्र चित्र पालटतं. कपॅसिटन्स (चार्ज साठवायची क्षमता) एक फेम्टोफॅरडपर्यंत उतरला की एक जादा इलेक्ट्रॉन चढवायलाच साधारण १ केल्व्हिन तापमानाच्या उष्णतेएवढी एनर्जी लागते, त्यामुळे मिलिकेल्व्हिन थंडीत करंट चक्क अडतो, याला कूलंब ब्लॉकेड म्हणतात. आव्हेरिन आणि लिखारेव यांनी ८० च्या दशकात याची थिअरी मांडली, १९८७ मधे बेल लॅबमधे फुल्टन आणि डोलन यांनी छोट्या जंक्शनमधे तो दाखवला. फेज पक्की असेल तर पलीकडे किती जोड्या आहेत ते अनिश्चित, आकडा पक्का केला तर फेज सुटते, आणि दोन्हींची ही ओढाताण वापरूनच १९९९ मधे जपानच्या एनईसी कंपनीत नाकामुरा, पाश्किन आणि त्साई यांनी एक जादा कूपर पेअर ‘आहे’ आणि ‘नाही’ अशा दोन्ही अवस्थांत एकाच वेळी ठेवून दाखवली, सुपरकंडक्टिंग क्युबिटची (क्वांटम कॉम्प्युटरच्या बिटची) खरी सुरुवात तिथली.