सिंगल माल्टमध्ये पाणी का घालावे?

सिंगल माल्ट व्हिस्कीत पाणी घालणे हा त्या व्हिस्कीचा अपमान आहे, असे ठामपणे सांगणारी मंडळी आपल्याकडे अलीकडे बरीच वाढली आहेत. परदेशातून येणाऱ्या कुणा नातेवाइकाने विमानतळावरच्या दुकानातून आणलेली बाटली उघडली, की अशा जाणकारांपैकी कुणीतरी पाण्याचा जग दूर सारतो आणि 'ही नीटच (म्हणजे काहीही न मिसळता) घ्यायची असते' असा निकाल देतो. मात्र ज्या स्कॉटलंडमध्ये ही व्हिस्की तयार होते, तिथे प्याल्याशेजारी पाण्याचा लहानसा चंबू ठेवण्याची रीत जुनी आहे; आणि जे लोक पोटापाण्यासाठी व्हिस्की हुंगतात, ते कंपन्यांचे ब्लेंडर तर नमुन्यातले अल्कोहोल साधारण २० टक्क्यांवर येईपर्यंत त्यात पाणी घालून मगच तो नाकाशी नेतात. ही केवळ सवय नव्हे. तिच्यामागे द्रवाच्या पृष्ठभागाचे एक अत्यंत सुंदर भौतिक-रसायनशास्त्र आहे आणि या लेखाचा मुख्य विषय तेच आहे.

त्याआधी एक साधा हिशेब करून पाहावा. ताजे स्पिरिट ओकच्या पिंपात भरताना त्यात बहुधा ६३.५ टक्के अल्कोहोल असते. स्कॉटलंडच्या थंड आणि दमट हवेत पिंपातला सुमारे २ टक्के द्रव दरवर्षी लाकडातून उडून जातो. त्याला तिथे 'देवदूतांचा वाटा' म्हणतात. पाण्यापेक्षा अल्कोहोल अधिक उडत असल्याने तीव्रता वर्षागणिक उतरत जाते. (गोव्यात कुंकळ्ळीला तयार होणाऱ्या पॉल जॉन या सिंगल माल्टच्या बाबतीत उष्ण हवेमुळे हा वाटा स्कॉटलंडच्या कितीतरी पट असतो, त्यामुळे तिथल्या पिंपाला बारा-अठरा वर्षे वाट पाहणे परवडत नाही.) समजा, दहा-बारा वर्षांनी पिंपात ६० टक्के अल्कोहोल उरले आणि बाटली ४० टक्क्यांची भरायची आहे, तर दर १०० लिटर व्हिस्कीत सुमारे ५० लिटर पाणी मिसळावे लागेल. म्हणजे ७५० मिलीलिटरच्या बाटलीतले सुमारे २५० मिलीलिटर पाणी कारखान्यातच मिसळलेले असते. 'नीट' पिणाऱ्याचे पाणी दुसऱ्या कुणीतरी आधीच घातलेले असते, इतकेच.

स्कॉटलंडच्या सिंगल माल्टची कायदेशीर व्याख्या थोडक्यात अशी: एकाच डिस्टिलरीत, फक्त मोड आणून वाळवलेली बार्ली आणि पाणी यांपासून, यीस्टने आंबवून, तांब्याच्या पॉट स्टिलमध्ये (हंड्यासारख्या पात्रात) ऊर्ध्वपातन करून, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात स्कॉटलंडमध्येच किमान ३ वर्षे मुरवलेली आणि किमान ४० टक्के अल्कोहोल असलेली व्हिस्की. २००९ च्या नियमांनुसार तिच्यात बाहेरून घालता येतात त्या गोष्टी दोनच: पाणी आणि साधा कॅरॅमल रंग. रंग गडद म्हणजे व्हिस्की जुनी, हा समज या दुसऱ्या परवानगीमुळे निकालात निघतो.

आता वासाकडे वळू. स्कॉटलंडच्या पश्चिमेला असलेल्या आयला बेटावरच्या लागाव्हुलिन, लफ्रॉइग, आर्डबेग या व्हिस्कींना जो धुराचा, काहीसा दवाखान्याची आठवण करून देणारा वास असतो, तो पीटमुळे येतो. दलदलीत हजारो वर्षे अर्धवट कुजत पडलेल्या शेवाळ, गवत आणि हेदरच्या झुडपांचा थर म्हणजे पीट. मोड आलेली ओली बार्ली वाळवताना भट्टीत पीट जाळले, की वनस्पतींमधील लिग्निनसारखी मोठी संयुगे उष्णतेने तुटतात आणि त्यांतून फिनॉल, क्रेसॉल, ग्वायाकॉल असे लहान रेणू धुरासोबत दाण्याच्या सालीवर जाऊन बसतात. व्हिस्कीचे चाहते ज्या 'पीपीएम'ची (दहा लाख भागांमागे किती भाग, याची) चर्चा हिरिरीने करतात, तो आकडा या फिनॉल वर्गातील संयुगांचा असतो. पण तो बार्लीतला असतो, बाटलीतला नव्हे, कारण पुढच्या प्रक्रियेत त्यातला बराच भाग वाया जातो. लागाव्हुलिन आणि कूल ईला या दोन डिस्टिलरी आयलावरच्याच पोर्ट एलनच्या भट्टीतले जवळपास सारख्याच पीपीएमचे माल्ट वापरतात, तरीही त्यांच्या व्हिस्कीचा धूर वेगळा असतो. ऊर्ध्वपातनात फिनॉल उशिरा येतात, त्यामुळे स्टिलचा आकार कसा आहे आणि मधला चांगला भाग गोळा करणे कोणत्या क्षणी थांबवले, यावर किती धूर पिंपात जाणार हे ठरते.

या साऱ्यांपैकी ग्वायाकॉलचा रेणू जरा निरखून पाहावा. बेन्झीनचे सहा कार्बनचे कडे, त्याला एक हायड्रॉक्सिल गट आणि त्याच्या शेजारच्याच कार्बनला एक मेथॉक्सी गट, अशी त्याची रचना आहे. कडे पाण्यापासून दूर राहू पाहते. हायड्रॉक्सिल गट पाण्याशी हायड्रोजन बंध करू शकतो. असा दुटप्पी रेणू पाण्यात पुरता रमत नाही, इथेनॉलच्या, म्हणजे व्हिस्कीतल्या अल्कोहोलच्या, सहवासात मात्र त्याला बरे वाटते. त्याचे कारण इथेनॉलही दुटप्पीच आहे: एका टोकाला पाण्याला चिकटणारा हायड्रॉक्सिल गट आणि दुसऱ्या टोकाला पाणी टाळणारी दोन कार्बनची शेपटी.

पाणी आणि इथेनॉल कोणत्याही प्रमाणात एकमेकांत मिसळतात, हे आपण शाळेत शिकतो. ५० मिलीलिटर पाण्यात ५० मिलीलिटर इथेनॉल ओतले तर मिश्रण १०० मिलीलिटर न भरता सुमारे ९६ मिलीलिटरच भरते आणि थोडे गरमही होते, हा प्रयोगही काहींना आठवत असेल. पण 'मिसळणे' म्हणजे प्रत्येक ठिकाणी सारखे पसरणे नव्हे. पृष्ठभागावरच्या पाण्याच्या रेणूंना वरच्या बाजूला हायड्रोजन बंध करायला जोडीदार नसतो, त्यामुळे पृष्ठभाग ही पाण्याच्या दृष्टीने महागडी जागा असते. पृष्ठताण हे त्या महागाईचेच माप आहे. इथेनॉलला मात्र ती जागा सोयीची वाटते, कारण हायड्रॉक्सिलचे टोक पाण्यात बुडवून शेपटी हवेत काढता येते. परिणामी थोडे इथेनॉल असले तरी ते पृष्ठभागाकडे धाव घेते. आकड्यांत पाहायचे तर २५ अंश सेल्सिअसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरमागे सुमारे ७२ मिलिन्यूटन असतो. वजनाने केवळ १० टक्के इथेनॉल मिसळताच तो सुमारे ४८ वर येतो आणि ५० टक्क्यांना सुमारे २८ वर. पुढे ५० पासून शुद्ध इथेनॉलपर्यंतच्या सगळ्या प्रवासात तो फक्त २२ पर्यंत उतरतो. हा उतार सरळ रेषेत नाही, सुरुवातीलाच कोसळणारा आहे. पृष्ठभाग इथेनॉलने लवकर भरतो आणि त्यानंतर घातलेले इथेनॉल द्रवाच्या पोटात साठत जाते, असे त्यातून दिसते.

ग्वायाकॉलने कुठे राहायचे, हे यावरून ठरते. पाणी जास्त असेल तेव्हा त्याच्या आवडीची सोबत मुख्यतः पृष्ठभागावर मिळते, म्हणून तो वर येतो. इथेनॉल खूप असेल तेव्हा ती सोबत द्रवाच्या पोटातही मुबलक असते. तिथे इथेनॉलचे रेणू त्याच्याभोवती गराडा घालतात आणि त्याला वर येण्याचे कारण उरत नाही. मिसळीच्या तर्रीत मसाल्याचा वास एकवटतो, तसेच काहीसे हे आहे. फरक इतकाच, की तर्रीतले तेल पाण्यात विरघळत नाही आणि डोळ्यांना दिसते, तर इथे सारा द्रव एकजीव दिसत असतो आणि 'तर्री' फक्त काही रेणूंच्या जाडीची असते.

स्वीडनच्या लिनेअस विद्यापीठातील ब्यॉर्न कार्लसन आणि रान फ्रीडमन या रसायनशास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये 'सायंटिफिक रिपोर्ट्स' या नियतकालिकात हेच चित्र संगणकीय सिम्युलेशनने मांडले. पाणी, इथेनॉल आणि ग्वायाकॉल यांच्या रेणूंमधील आकर्षण-प्रतिकर्षणाची बले धरून, वेगवेगळ्या प्रमाणांच्या मिश्रणांत प्रत्येक रेणू क्षणाक्षणाला कुठे जातो हे त्यांनी मोजले. आकारमानाने ४५ टक्क्यांपर्यंत अल्कोहोल असलेल्या मिश्रणात ग्वायाकॉल हवेलगतच्या पृष्ठभागाजवळ आढळला. ५९ टक्क्यांच्या वर तो द्रवाच्या आत ओढला गेला. पिंपातल्या तीव्रतेची व्हिस्की आणि बाटलीतली व्हिस्की यांच्यामधली सीमारेषा नेमकी या दोन आकड्यांच्या मध्ये पडते. शतकानुशतके नाकाने ठरवलेला व्यवहार आणि संगणकाने काढलेले उत्तर इतके जवळ यावे, याचा मला अजूनही अचंबा वाटतो.

येथे एक शंका स्वाभाविक आहे. पाणी घातल्याने प्रत्येक मिलीलिटरमधला ग्वायाकॉल कमीच होणार. मग वास वाढेल कसा? उत्तर असे, की नाकात पोहोचते ते द्रवातले प्रमाण नव्हे, द्रवावरच्या हवेतले प्रमाण. आणि ते दोन गोष्टींच्या गुणाकाराने ठरते: द्रवात रेणू किती आहेत आणि त्यांना तिथे राहणे किती नकोसे आहे. या दुसऱ्या गोष्टीला रसायनशास्त्रात 'सक्रियता गुणांक' म्हणतात. पाणी वाढवले की पहिली संख्या घटते आणि दुसरी वाढते. सुरुवातीला दुसरीची वाढ पहिलीच्या घटीवर मात करू शकते. पण हा फायदा कायमचा टिकणारा नसतो.

अर्थात सिम्युलेशनमध्ये तीनच प्रकारचे रेणू होते आणि खऱ्या व्हिस्कीत शेकडो असतात. त्यांतले सगळे पाण्याने मोकळे होत नाहीत. पामिटिक किंवा लॉरिक आम्लांपासून बनलेले एस्टर नावाचे लांब साखळीचे रेणू पाणी वाढताच एकमेकांना बिलगून सूक्ष्म पुंजके करतात आणि इतर काही सुवासिक एस्टरही त्यात अडकून पडतात, असे ग्लासगोच्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठातील संशोधकांनी १९९० च्या दशकात दाखवले होते. बर्फ किंवा थंड पाणी घातल्यावर व्हिस्की किंचित धुरकट दिसते ती याच पुंजक्यांमुळे. ग्राहकाला तो धुरकटपणा खपत नाही म्हणून अनेक कंपन्या व्हिस्की थंड करून गाळतात. ४६ टक्के किंवा त्याहून अधिक तीव्रतेला हे एस्टर विरघळलेलेच राहतात, त्यामुळे आर्डबेगच्या दहा वर्षांच्या व्हिस्कीसारख्या ४६ टक्क्यांच्या बाटल्या तशा न गाळताच भरल्या जातात. म्हणजे पाण्याने वास केवळ वाढतो असे म्हणणे अपुरे आहे. पाणी काही वास पुढे आणते आणि काही मागे सारते.

पाण्याचे आणखी एक काम जिभेवर आणि घशात चालते. आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचा एक ग्राही प्रथिन-रेणू असतो. सुमारे ४२ अंशांच्या वरची उष्णता लागली की तो भाजल्याचा संदेश पाठवतो. लवंगी मिरचीतले कॅप्सायसिनही यालाच चेतवते. इथेनॉलच्या उपस्थितीत त्याची मर्यादा सुमारे ३४ अंशांपर्यंत खाली येते, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात आढळले. तोंडाचे तापमान त्याहून जास्त असते, म्हणून व्हिस्कीचा घोट जाळतो तो वस्तुतः आपल्याच शरीराच्या उष्णतेने. ६० टक्क्यांच्या घोटात ही आग इतकी असते की मागच्या वाटेने नाकात जाणारा गंध लक्षात घ्यायला सवडच मिळत नाही.

या जळजळीवरूनच 'थंडीत घोटभर घ्यावी, सर्दीवर चमचाभर ब्रँडी द्यावी' हा आपल्याकडचा घरगुती उपाय निघाला असावा. अल्कोहोलने त्वचेखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, ऊब वाटते आणि प्रत्यक्षात शरीर उष्णता गमावते. सर्दीच्या विषाणूचे तर काहीच बिघडत नाही. लहान मुलांना तो चमचा देणे हा निव्वळ अविचार आहे. सिंगल माल्ट 'शुद्ध' असल्याने अपाय करत नाही, हाही भ्रमच; मद्यपेये १९८८ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेच्या यादीत कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात आहेत आणि त्यात बाटलीच्या किमतीवरून भेद केलेला नाही. प्याल्याच्या काचेवरून ओघळणाऱ्या 'अश्रूं'वरून दर्जा सांगणाऱ्यांचेही तसेच. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल लवकर उडते, तिथला पृष्ठताण वाढतो, तो खालचा द्रव वर खेचतो आणि जड झालेले थेंब घसरतात, हे जेम्स थॉमसन यांनी १८५५ मध्येच समजावून दिले होते. ते ओघळ मुख्यतः अल्कोहोल किती आहे तेवढेच सांगतात.

मग पाणी घालावे किती? अमेरिकेतील वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, मिश्रणात पाण्याचा वाटा पाचव्या हिश्श्यापर्यंत असेतो प्रशिक्षित परीक्षकांना व्हिस्कींमधला फरक वासावरून सांगता आला. त्यापलीकडे एकाच जातकुळीच्या व्हिस्की एकसारख्या वाटू लागल्या. ब्लेंडर २० टक्क्यांपर्यंत उतरतात, पण त्यांचा हेतू दोष हुडकण्याचा असतो, आस्वादाचा नव्हे. ग्लेनफार्क्लास १०५ सारखी ६० टक्क्यांची व्हिस्की ३० मिलीलिटर घेतली, तर सुमारे १० मिलीलिटर पाण्याने ती ४५ टक्क्यांवर येते. हे पाणी एकूण मिश्रणाचा चौथा हिस्सा होते, म्हणून ते एकदम न ओतता अर्ध्या-अर्ध्या चमच्याने घालावे आणि दर वेळी हुंगून पाहावे. ४० किंवा ४३ टक्क्यांच्या बाटलीत हे काम कारखान्यातच झालेले असते. तिथे काही थेंबच पुरतात. प्याला तोंडाशी निमुळता असावा, पाणी खोलीच्या तापमानाचे असावे आणि बर्फ टाळावा, कारण थंडाव्याने सगळेच गंध-रेणू द्रवात बसून राहतात. हुंगताना नाक प्याल्यात खुपसू नये. तोंड किंचित उघडे ठेवून काठापासून थोडे अंतर राखले, तर इथेनॉलच्या वाफेचा झणका टळतो आणि धुरामागचे बाकीचे वास एकेक करून ओळखता येतात.