लाखेचं पॉलिश की वार्निश? डब्यावरचं नाव सोडा, थिनर बघा

नाशिकला रविवार कारंजाकडे हार्डवेअरच्या कुठल्याही दुकानात जाऊन नुसतं "पॉलिश द्या" म्हणा, काउंटरवरचा माणूस विचारणार "कुठलं?", आपण म्हणणार "लाकडाचं", आणि मग त्याच्या हाताला जो डबा लागेल तो आपल्या पिशवीत. घरी येऊन उघडलं की आत पिवळसर तपकिरी, पातळ, नाकात जाणारं काहीतरी असतं. ते लाखेचं पॉलिश असू शकतं, वार्निशही असू शकतं. लावल्यावर पहिले दोन दिवस दोन्ही चमकतात, त्यामुळे फरक कळत नाही. फरक कळतो सहा महिन्यांनी, पाहुण्यांनी टीपॉयवर गरम चहाचा कप ठेवला आणि उचलल्यावर खाली पांढरं गोल कडं राहिलं की.

तर घरच्या घरी शेल्फ, स्टूल, देवघर असलं काही बनवताय आणि शेवटचा हात आपणच मारणार आहात, तर एवढं एक समजून घ्या, बाकीचं सगळं त्यातूनच निघतं. लाखेचं पॉलिश नुसतं वाळतं. लाख स्पिरिटमध्ये विरघळवलेली असते, स्पिरिट उडून गेलं की लाख लाकडावर उरते, जशी आधी होती तशीच. वार्निशचं तसं नाही, त्यात अळशीसारखं वाळणारं तेल आणि रेझिन असतं, टर्पेन्टाइन उडून गेल्यावरही काम संपत नाही, ते हवेतला ऑक्सिजन ओढून घेतं आणि त्याचं आतून रूपच बदलतं. एकदा बदललं की परत मागे नाही. म्हणून लाखेवर दहा वर्षांनीही स्पिरिटचा बोळा फिरवला तर ती सुटायला लागते, आणि वार्निशवर टर्पेन्टाइन कितीही घासा, ते ढिम्म हलत नाही.

डब्यावर ढोबळ नावं काहीही असतात, वूड पॉलिश काय, क्लिअर काय, वूड फिनिश काय, त्यावर जाऊच नका. मागच्या बाजूला बारीक अक्षरात थिनर कुठला वापरायचा ते लिहिलेलं असतं. स्पिरिट लिहिलं असेल तर लाख. टर्पेन्टाइन किंवा एमटीओ (म्हणजे मिनरल टर्पेन्टाइन) लिहिलं असेल तर वार्निश. डब्यावर पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन, लिहिलंय पण सगळं एकाच डब्यात आहे आणि पातळ करायला टर्पेन्टाइन सांगितलंय, तर तेही साधारण वार्निशच्याच घरातलं समजा. दोन डबे, त्यात एक हार्डनर, असं असेल तर ते मेलामाइन किंवा टू-पॅक पीयूचं प्रकरण, ते स्प्रे गनने मारायचं काम आहे, चांगला केमिकल मास्क लागतो, आणि फ्लॅटच्या हॉलमध्ये घरात लहान मुलं असताना ते करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात इथे शिरत नाही.

आता लाख. ही किड्याची असते हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. पळस, बोर, कुसुम असल्या झाडांच्या फांद्यांवर लाखेचे किडे बसतात आणि स्वतःभोवती जो थर सोडतात तो खरवडून, धुऊन, वितळवून त्याचा चपडा बनतो, म्हणजे त्या पातळ, चुरचुरीत पापड्या. पळस आपल्याकडे पेठ-हरसूलच्या बाजूला भरपूर आहे, पण लाखेचं मोठं उत्पादन झारखंड-छत्तीसगडकडे, आणि रांचीजवळ नामकुमला लाखेवर संशोधन करणारी संस्था १९२४ पासून आहे. आजोबांच्या काळातल्या ७८ आरपीएमच्या तबकड्यासुद्धा बहुतेक लाखेच्याच असायच्या. गोळ्या-औषधांवर आणि काही मिठायांवर जो चकचकीत थर असतो तोही बऱ्याचदा हाच, त्यामुळे शुद्ध लाख नीट वाळली की लहान मुलांच्या खेळण्यांनाही चालते. चन्नपट्टणच्या लाकडी खेळण्यांवर तीच असते.

तयार पॉलिश घेण्यापेक्षा चपडा आणून स्वतः भिजवा असं मी सांगेन. तयार डबा कधीचा भरलाय ते कळत नाही, आणि स्पिरिटमध्ये पडून राहिलेली लाख हळूहळू बिघडते, सहा महिने-वर्षाच्या पुढे गेली की लावल्यावर नीट कडकच होत नाही, बोट लावलं की चिकट. शंका असेल तर एक थेंब काचेवर टाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी नखाने दाबून बघा, नख रुतलं तर सगळं ओतून द्यायचं. प्रमाण साधारण एक लिटर स्पिरिटला १२५ ग्रॅमपासून २५० ग्रॅमपर्यंत, बोळ्याने लावायचं तर पातळ, ब्रशने लावायचं तर जरा दाट. रात्रभर भिजू द्या, मधूनमधून हलवा, सकाळी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. भांडं काचेचं किंवा प्लॅस्टिकचं, लोखंडी डब्यात ठेवू नका, लाख आम्लधर्मी असते, लोखंडाशी तिचं जमत नाही आणि रंग काळपट पडतो. आणि गॅस पेटलेला असताना ओट्याजवळ हे उद्योग अजिबात नको, स्पिरिट आहे ते.

लावायची मजा मात्र लाखेतच. कापसाचा बोळा मलमलच्या धुतलेल्या फडक्यात बांधून पुरचुंडी करायची, ती आतून भिजवायची, तळहातावर टेकवून जास्तीचं काढायचं आणि लाकडावर फिरवायला लागायचं, थांबायचं नाही, कारण थांबलात तिथे पुरचुंडी चिकटते आणि फडक्याची वीण तशीच्या तशी खाली उमटते. पहिल्या दोन हातांत काहीच झाल्यासारखं वाटत नाही, लाकूड नुसतं पितं. तिसऱ्या-चौथ्या हाताला पुरचुंडी ओढल्यासारखी लागायला लागते, तेव्हा बोटाच्या टोकावर घेऊन अळशीच्या तेलाचा एक टिपका फडक्याला लावायचा, की ती परत घसरते आणि तिच्या मागे धुक्यासारखा पट्टा उठून लगेच विरतो. तो पट्टा दिसतोय तोपर्यंत सगळं बरोबर चाललंय. दहा-पंधरा मिनिटांत हाताला वाळलेलं लागतं, एका दुपारीत बरेच हात होतात. मधे पॉलिशपेपर मारायची फारशी गरज नाही, कारण नवा हात खालच्या हाताला थोडा विरघळवून त्यातच मिसळतो, सगळे थर मिळून शेवटी एकच थर होतो.

वार्निशला हे सुख नाही. ब्रशने लावा, पातळ लावा, आणि सोडून द्या. सहा-आठ तास तरी ओलं राहतं आणि तेवढ्या वेळात नाशिकची एप्रिल-मेमधली धूळ, कबुतराचं पीस, डास, जे काही घरात उडतंय ते सगळं त्यावर येऊन बसतं. दुसऱ्या दिवशी ३२० नंबरचा पॉलिशपेपर हलक्या हाताने मारायचा, पुसायचं, मग पुढचा हात. हा पेपर चुकवायचा नाही, कारण इथे नवा थर जुन्यात मिसळत नाही, त्याला धरायला खरखरीत जागा लागते, नाहीतर काही महिन्यांनी पापुद्रा सुटतो. घाईत जाड थर दिला तर वरची कातडी आधी धरते, खालचं ओलंच राहतं, आणि सुरकुत्या पडतात. आणि हाताला वाळलेलं लागलं म्हणजे झालं असं नाही, पूर्ण कडक व्हायला दोन-तीन आठवडे लागतात, तेवढे दिवस त्यावर टेबलक्लॉथ टाकून फुलदाणी ठेवू नका, ठसा उमटेल.

मग एवढा त्रास कशाला? कारण टिकायचं म्हटलं तर वार्निशच टिकतं. लाखेला तीन गोष्टी सोसत नाहीत, साचलेलं पाणी, उष्णता आणि दारू. चौथी म्हणजे अमोनिया किंवा सोड्याचं क्लीनर, मोलकरीण बाईंना आधीच सांगून ठेवा. गरम कप ठेवला की पांढरं कडं. नाशकात वाइन पिणारी मंडळी आता घरोघरी आहेत, ग्लासच्या तळाचा ओघळ रात्रभर राहिला की सकाळी डाग. डायनिंग टेबल, स्टडी टेबल, किचनची शेल्फं, टीपॉय, इथे वार्निश, विषय संपला. बाल्कनीतला झोपाळा किंवा बाहेरचा दरवाजा असेल तर वार्निशमध्येही बाहेरच्या कामाचं, उन्हापावसात ताणलं जाईल असं घ्या, आतलं वार्निश बाहेर लावलं तर दोन पावसाळ्यांत पापुद्रे निघायला लागतात. लाख बाहेर कधीच नाही.

पण भिंतीवरची चित्राची फ्रेम, पुस्तकांचं कपाट, दागिन्यांची पेटी, घड्याळाची केस, जुनी आरामखुर्ची, यांना कोण पाणी ओततंय? तिथे लाखच लावा, सागवानावर ती जो सोनेरी-तांबूस रंग आणते तो वार्निशला येत नाही, आणि ओरखडा पडला तर तेवढ्याच जागी बोळा फिरवला की मिटतो. वार्निशवर ओरखडा पडला तर अख्खी फळी पॉलिशपेपरने घासायला घ्या. दुरुस्तीच्या बाबतीत लाख कितीतरी उजवी.

देवघराचं विचाराल तर तिथे दोघांचीही परीक्षा. निरांजन, समई, तेलाचे ओघळ, हळदीकुंकू, अभिषेकाचं पाणी, कापराची धग. मी असं सुचवतो की कळस, खांब, जाळी या वरच्या कामाला लाख, आणि खालचा पाट जिथे ताम्हण ठेवतो तिथे वार्निश. दिव्याखाली पितळेची ताटली ठेवा, ज्योतीच्या धगीपुढे दोघांपैकी कुणीच टिकत नाही.

जुनं फर्निचर असेल आणि त्यावर आधी काय लावलंय ते माहीत नसेल तर अंदाज करू नका. आमच्या शेजारच्या काकू सासऱ्यांच्या वेळचं कपाट रंगवायला निघाल्या होत्या, पेंट रिमूव्हरचा डबा घेऊन तयार. म्हटलं, "काकू, जरा थांबा, आधी स्पिरिट आणि कापूस द्या." कपाटाच्या मागच्या बाजूला, खाली, कुणाला दिसणार नाही तिथे ओला कापूस अर्धा मिनिट दाबून धरला, तर कापूस चिकटला आणि तपकिरी होऊन आला. लाख होती. त्या म्हणाल्या, "अहो मग हे सगळं घासायला नकोच का?" नकोच. मळ पुसून स्पिरिटच्या बोळ्याने जुनीच लाख थोडी सैल करून सारखी केली, वर दोन-तीन नवे हात दिले, कपाट उजळलं. कापूस कोरडा आणि पांढराच राहिला असता तर मात्र वार्निश किंवा मेलामाइन, मग रिमूव्हर किंवा घासकाम आलंच. आणि जुन्या नाशकातल्या वाड्यांमधले खांब-तुळया असतील तर बऱ्याचदा दोन्ही नसतं, नुसतं वर्षानुवर्षं तेल पाजलेलं असतं, त्याच्यावर काही चढवायच्या आधी ते तेल नीट पुसून काढावं लागतं.

हवेचं पण बघा. जुलै-ऑगस्टमध्ये चार दिवस झड लागलेली असताना लाख लावली तर स्पिरिट उडताना लाकूड गार पडतं, हवेतली ओल त्यावर धरते आणि पॉलिश दुधाळ दिसायला लागतं. घाबरू नका, कोरड्या दिवशी स्पिरिटचा हलका बोळा फिरवला की बहुतेक वेळा जातं. वार्निश पावसाळ्यात दुधाळ होत नाही, नुसतं रेंगाळतं, आणि डिसेंबर-जानेवारीत निफाडकडचा गारठा शहरात उतरतो तेव्हाही रेंगाळतं, एका रात्रीचं काम दोन रात्रींवर जातं. दिवाळीच्या आसपासचे दिवस दोन्हीला उत्तम.

सागवान वापरत असाल, आणि आपल्याकडे बहुतेक जण तेच वापरतात, तर एक अडचण आधी माहीत असू द्या. सागवानात स्वतःचं तेल असतं, शिसवीत त्याहून त्रासदायक द्रव्यं असतात, आणि ती वार्निशला ऑक्सिजन घेऊन घट्ट होऊ देत नाहीत. दोन दिवस झाले तरी चिकटच, म्हणून लोक दुकानदाराला शिव्या घालतात, डबा चांगला असतो, लाकूड आडवं येतं. उपाय म्हणजे १८०-२२० नंबरचा पेपर मारून झाल्यावर थिनरच्या फडक्याने पुसायचं, आणि वार्निशच्या खाली लाखेचा एक पातळ हात द्यायचा. लाखेला लाकडाच्या तेलाशी काही घेणंदेणं नाही, ती नुसती वाळते, आणि तिच्यावर वार्निश निमूटपणे घट्ट होतं. फक्त इथे मेण काढलेली लाख लागते, साध्या चपड्यात थोडं नैसर्गिक मेण असतं आणि त्यावर पीयूवालं वार्निश नीट धरत नाही. मेणविरहित मिळाली नाही तर भिजवलेला चपडा दोन-चार दिवस न हलवता ठेवा, मेण गढूळ होऊन तळाला बसतं, वरचं निवळ तेवढं अलगद काढून घ्या.

काम झाल्यावर फडक्यांचं काय करायचं यातही दोघांत फरक आहे आणि तो जिवावरचा आहे. अळशीचं तेल न लागलेलं लाखेचं फडकं मोकळ्या हवेत वाळलं की झालं, फक्त ओलं असताना आगीपासून लांब. वार्निशचं किंवा अळशीच्या तेलाचं फडकं मात्र चुरगाळून कोपऱ्यात किंवा कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, तेल ऑक्सिजन घेताना गरम होतं, चुरगाळलेल्या फडक्यात ती उष्णता कोंडते आणि कुणी काडी न लावता ते पेट घेऊ शकतं. बाल्कनीच्या कठड्यावर एकेक करून सुटं पसरा, पूर्ण कडक झालं की मग फेका, किंवा बादलीभर पाण्यात बुडवून ठेवा.