बारा बेअरिंगचं रीळ आणि मामांची बोटं

पैठणजवळ, नाथसागराच्या काठावर, एक भोई मामा नुसत्या तंगुसावर, म्हणजे नायलॉनच्या दोऱ्यावर, मासा खेळवायचे. काठी नाही, रीळ नाही. तंगूस रिकाम्या बाटलीला गुंडाळलेला आणि बोटावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा. मासा पळाला की सोडायचं, दमला की ओढायचं. मी बारा बेअरिंगचं रीळ मिरवत नेलं आणि पहिल्याच कटल्यानं तंगूस तटकन तोडला. मामांनी एवढंच विचारलं, "हे यंत्र सोडतं का नुसतंच ओढतं?"

रीळ घेताना मी आता हाच प्रश्न विचारतो.

गळ फेकताना तंगूस सुटायला हवा. पतंगाची चक्री आठवा. ढील देताना ती गरगर फिरते आणि ओढ थांबली तरी फिरतच राहते, मग मांजाचा गुंता. बेटकास्टिंग रिळाचंही असंच, त्यात फेकताना स्पूल, म्हणजे तंगूस गुंडाळलेली फिरकीच, फिरते. आमिष हवेत मंदावतं, स्पूल मात्र जडत्वामुळे वेगातच असतो. म्हणून त्याला चुंबकाचा ब्रेक देतात. चुंबकाजवळ फिरणाऱ्या ॲल्युमिनियममध्ये प्रवाह निर्माण होतो आणि तोच फिरण्याला विरोध करतो. तरीही अंगठा शिकलेला लागतो. झाडोऱ्यात मरळीसाठी जड रबरी बेडूक टाकणाऱ्यांनी हे रीळ जरूर घ्यावं, नवख्यानं नको.

स्पिनिंग रिळात फेकताना स्पूल फिरतच नाही, तंगूस त्याच्या कडेवरून वेटोळी सोडत निघतो. त्यामुळे हलकं आमिषही लांब जातं. १९०५ साली याचं पेटंट घेतलं ते ब्रॅडफर्डच्या आल्फ्रेड इलिंगवर्थ यांनी. हे गृहस्थ कापडधंद्यातले. बॉबिनच्या टोकावरून सूत कसं सुटतं, हे रोज डोळ्यांसमोर. पैठणी विणणाऱ्या गावाच्या धरणावर बसून हे वाचताना मला फार गंमत वाटली होती.

दुसऱ्यांदा तंगूस सुटतो तो मासा पळताना, आणि खरी परीक्षा इथेच. ड्रॅग म्हणजे एकमेकींवर घासणाऱ्या चकत्या, मामांच्या बोटांची जागा घेणाऱ्या. नॉब आवळला की घर्षण वाढतं. तंगूस पाच किलोच्या ताणाला तुटणारा असेल तर ड्रॅग सव्वा ते दीड किलोवर सुटावा, कारण गाठीपाशी तंगूस कमजोर होतो आणि वाकलेल्या काठीच्या कड्यांमध्ये घर्षणाची भर पडते. त्यात एक छुपी गोम आहे. भरलेल्या स्पूलची त्रिज्या सव्वादोन सेंटिमीटर धरा. मासा पळत गेला, स्पूल रिकामा होत दीड सेंटिमीटरवर आला. चकत्यांचं घर्षण तेच, पण तरफेचा हात आखूड झाला. दीड किलोला सुटणारा ड्रॅग आता सव्वादोन किलो मागतो, नॉबला कुणी हात न लावता! माझा कटला दूर गेला होता आणि मी वर नॉब आवळत होतो.

म्हणून मोठ्या माशासाठी रुंद स्पूल. चिलापीला १००० ते २००० नंबरचं रीळ पुरतं, कटला-रोहूला ४००० च्या आसपास. कंपनीगणिक हे नंबर थोडे बदलतात. तंगुसाची जाडीही बघा. ०.३० मिलिमीटरचा २०० मीटर मावत असेल, तर ०.४० चा जेमतेम ११२ मीटर मावेल, कारण जागा जाडीच्या वर्गानुसार व्यापली जाते.

गिअरबद्दल दुकानदार फार बोलतात. ५.२:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात तंगुसाचे सुमारे सव्वापाच वेढे. आपल्या साडेचार सेंटिमीटर व्यासाच्या स्पूलवर ते साधारण पाऊण मीटर होतात. आकडा मोठा तर वेग जास्त, पण हाताला जोरही जास्त. सायकलचा गिअर चढावर बदलणाऱ्याला हे सांगायला नको.

बेअरिंग मोजत बसू नका. दुकानात दीड लिटर पाण्याची भरलेली बाटली न्या, रिळातून निघालेल्या तंगुसाला थेट बांधा आणि ड्रॅग हळूहळू सैल करा. बाटली संथपणे खाली सरकली पाहिजे. आधी अडून मग एकदम घसरली, तर ते रीळ तिथंच ठेवा. दुकानदार हसेल. माझ्यावरही हसला होता, मग त्यानं स्वतःच दुसरं रीळ काढून त्याला बाटली लावून बघितली.